सनद वकिलाची, मोबदला शेतकऱ्याचा

कालवा आला, रस्ता आला, की जमीन जाते. निवाडा होतो, तो कमी वाटतो म्हणून वाढीव मोबदल्याचा अर्ज पडतो आणि मग दहा-पंधरा वर्षे घरात 'तारीख' हा एकच शब्द ऐकू येतो. रक्कम कोर्टात जमा होते तोवर मूळ अर्जदार थकलेला असतो, नाहीतर वारसांची नावे लावायची पाळी आलेली असते. या सगळ्या वाटेवर शेतकऱ्याच्या बाजूने उभा असतो तो काळ्या कोटातला एकच माणूस. बहुतेक वेळा तो नीट उभा असतो, हे आधीच सांगून टाकतो. फीचा तगादा न लावता गरिबाची केस वर्षानुवर्षे चालवणारे वकील तालुक्या-तालुक्यात आहेत. पण कुंपणच शेत खायला लागले तर दाद मागायची कुठे, हे गावात फारसे कोणाला ठाऊक नसते. कोणी म्हणतो जज्जसाहेबांना सांगू, कोणी म्हणतो ग्राहक मंचात जाऊ, कोणी म्हणतो जाऊ द्या, वकिलाशी वैर नको. यातले एकही उत्तर बरोबर नाही.

उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खीरीचे एक प्रकरण आपल्याकडच्या प्रत्येक प्रकल्पग्रस्ताला माहीत असायला हवे. तिथल्या एका म्हाताऱ्या, निरक्षर, गरीब माणसाची जमीन सरकारने संपादन केली. त्याने वकील लावला. मोबदल्याचे ८,११८ रुपये सरकारने कोर्टात भरले. वकिलाने अर्ज करून २ सप्टेंबर १९८७ रोजी ते कोर्टातून काढले. काढले ते काढले, म्हाताऱ्याला ना रक्कम दिली ना कळवले. बऱ्याच दिवसांनी त्याला सुगावा लागला. मागून मागून थकल्यावर त्याने राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार केली. वकिलाने उत्तर दिले, होय, रक्कम मी काढली, पण फी आणि खर्च वळता करून बाकीची परत केली. एवढ्यावर थांबला असता तरी चालले असते. ऑगस्ट १९८८ मध्ये त्या म्हाताऱ्याच्या नावाचे एक प्रतिज्ञापत्रच त्याने कौन्सिलपुढे ठेवले. आमची तडजोड झाली आहे, आता कारवाई नको, असा त्यातला मजकूर. म्हातारा म्हणाला, मी असले काही लिहून दिलेलेच नाही. चौकशीअंती ते प्रतिज्ञापत्र बनावट ठरले.

राज्याच्या कौन्सिलकडून प्रकरण मुदतीत संपले नाही, म्हणून ते बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे गेले. तिने वकिलाला दोषी धरले आणि तीन वर्षांसाठी सनद निलंबित केली. वकील या शिक्षेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेला. तिथे मात्र आगीतून निघून फुफाट्यात पडला. न्यायालयाने उलट त्यालाच विचारले, ही शिक्षा कमी वाटते, तुमचे नाव पटावरून कायमचे का काढू नये? आणि ८ जानेवारी २००२ च्या निकालाने ते काढलेच. अशिलाचा पैसा गिळणे हे वकिलाच्या गैरवर्तनांपैकी सर्वांत गंभीर प्रकारांतले मानले पाहिजे, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. रक्कम किती, तर आठ हजार एकशे अठरा. रक्कम लहान आहे म्हणून सोडून दिले नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे. आणि १९८७ च्या पैशाचा शेवटचा निकाल २००२ मध्ये लागला, हेही तितकेच लक्षात ठेवण्यासारखे.

आता आपल्याकडे. वकिलीचा कायदा म्हणजे १९६१ चा अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट. प्रत्येक वकिलाचे नाव कुठल्या तरी राज्य बार कौन्सिलच्या पटावर असते. आपल्याला लागू असलेली बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, कचेरी मुंबईला. या कायद्याच्या कलम ३५ खाली तक्रार आली आणि तिच्यात तथ्य दिसले, तर कौन्सिल ती शिस्तपालन समितीकडे सोपवते. समिती तीन जणांची, दोघे कौन्सिलच्या सभासदांतून निवडलेले आणि तिसरा बाहेरचा, पण तोही वकीलच. साक्षीदार बोलावणे, कागद मागवणे याचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार तिला आहेत. ती तक्रार फेटाळू शकते, वकिलाला ताकीद देऊ शकते, ठराविक काळ सनद निलंबित करू शकते किंवा पटावरून नाव काढू शकते. समितीचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, तिथून पुढे ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालय. अपिलाचा हा हक्क तक्रारदारालाही आहे, फक्त वकिलाला नाही.

जज्जसाहेब वकिलाची सनद काढू शकत नाहीत. अवमानाच्या प्रकरणात खुद्द सर्वोच्च न्यायालयालाही थेट सनद निलंबित करता येत नाही, ते काम बार कौन्सिलचेच, असा घटनापीठाचा १९९८ चा निकाल आहे. आणि ग्राहक मंचाचा दरवाजाही आता बंद झाला. आधी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येते असे म्हटले होते, त्या जोरावर काहींनी तक्रारी केल्याही होत्या. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते मत रद्द ठरवले. त्यामुळे 'मंचात खेचतो' ही धमकी आता कोणी देऊ नये, तिच्यात दम राहिलेला नाही. राहिले बार कौन्सिल, दिवाणी कोर्ट आणि पोलीस ठाणे.

केस हरली म्हणजे गुन्हा नव्हे

चावडीवर वकिलाविरुद्ध ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यातल्या निम्म्या-अधिक टिकणाऱ्या नसतात. केस हरलो, म्हणजे वकील फुटला, हा आपल्याकडचा ठरलेला हिशेब. जमिनीच्या वादात दोघांपैकी एक हरणारच, मग काय दर निकालाला एक वकील फुटतो? चुकीचा सल्ला देणे आणि वाईट हेतूने भलताच सल्ला देणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली महाराष्ट्रातल्याच दोन वकिलांच्या प्रकरणात सांगून ठेवले. त्या दोघांवरची निलंबनाची कारवाई तेव्हा रद्द झाली. नजरचूक झाली, कायदा समजण्यात गल्लत झाली, तर ते गैरवर्तन नव्हे. लबाडी असली पाहिजे किंवा लबाडीच्या जवळ जाणारा निष्काळजीपणा तरी. आणि तो आरोप ठोस पुराव्याने सिद्ध करावा लागतो, कारण माणसाची भाकरी त्यावर अवलंबून असते.

दुसरी चूक म्हणजे समोरच्या भाऊबंदाच्या वकिलावर तक्रार करणे. त्याने कोर्टात आमच्याविरुद्ध खोटे लिहिले, असे म्हणून लोक कागद खरडतात. सप्टेंबर २०२५ मध्ये बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, तक्रारदार आणि वकील यांच्यात सर्वसाधारणपणे अशील-वकील असे काही कायदेशीर नाते हवे. तसे नसताना विरुद्ध बाजूच्या वकिलाला चौकशीत ओढले म्हणून ५० हजार रुपयांचा खर्च भरण्याचा हुकूम झाला. तेव्हा भाऊबंदकीचा राग तिथे काढायला जाऊ नका, अंगाशी येईल.

मग टिकते काय? पैसे दाबणे टिकते. फी आणि कोर्ट स्टॅम्पचे पैसे घेऊन दावाच न लावणे टिकते. तामिळनाडूत एका सत्तरीच्या बहिऱ्या माणसाने दोन वचनचिठ्ठ्यांचे दावे लावायला वकिलाकडे पैसे दिले होते. दावे लागलेच नाहीत, 'लावले आहेत' असे उत्तर मात्र मिळत राहिले. राज्य कौन्सिलने सहा वर्षे निलंबित केले, वरच्या कौन्सिलने त्याचे एक वर्ष केले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण वकिलाला घरी बसवण्याऐवजी गरिबांना मोफत कायदेशीर मदत देण्याच्या कामाला जुंपले. न्या. कृष्ण अय्यर यांचा तो निकाल गाजला. मला विचाराल तर तो मनाचा मोठेपणा होता खरा, पण सहाचे एक आणि एकाचे सेवाकार्य होताना त्या म्हाताऱ्याला काय वाटले असेल, हा प्रश्न उरतोच.

अशिलाने विश्वासाने सांगितलेल्या मालमत्तेवर डोळा ठेवणेही गैरवर्तनात बसते. वादातली मिळकत आपल्याच अशिलाकडून विकत घेणाऱ्या वकिलाची सनद एका वर्षासाठी निलंबित केलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये कायम केली. आणि ज्या दाव्यात आपण वकील होतो, त्याच्या दरखास्तीत लिलावाला निघालेली जमीन वकिलाने स्वतः घ्यायची नाही, असा तर नियमच आहे.

टक्केवारीचा व्यवहार

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. वाढीव मोबदल्याच्या आणि मोटार अपघाताच्या केसेसमध्ये 'आता काही देऊ नका, रक्कम आली की इतके टक्के' असा बोलीवर सौदा होतो. शेतकऱ्यालाही तो बरा वाटतो, कारण खिशात दमडी नसते. पण बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवणे वकिलाला मना आहे. तेलंगणातल्या एका विधवा बाईच्या अपघात भरपाईच्या प्रकरणात हे सर्वोच्च न्यायालयापुढे आले. आधी फी दिल्यावरही आणखी ३ लाखांचा धनादेश घेतला, असे तिचे म्हणणे होते. तो वटला नाही म्हणून वकिलाने तिच्यावर फौजदारी केली. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने ती फौजदारी रद्द केली आणि टक्केवारीची फी हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे सांगितले.

यात शेतकऱ्याची बाजूही पूर्ण स्वच्छ नसते, हे आपल्या आपल्यात कबूल करू. रक्कम येईपर्यंत 'साहेब, तुम्ही म्हणाल ते', आणि रक्कम खात्यात पडली की फोन बंद. वकिलालाही घर आहे. म्हणून नियमात एक सोय आहे, ती दोघांनी समजून घ्यावी. काम संपल्यावर हातात आलेल्या रकमेतून वकील आपली ठरलेली फी वळती करून घेऊ शकतो. पण फी ठरलेली असली पाहिजे, रक्कम आल्याचे अशिलाला लवकरात लवकर कळवले पाहिजे, बाकी परत दिली पाहिजे आणि मागितला तर हिशेब लेखी दिला पाहिजे. फी ठरलेलीच नसेल तर कोर्टाच्या नियमाप्रमाणे बसेल तेवढीच वळती करता येते. म्हणजे वकीलपत्रावर अंगठा उठवण्याआधी अर्ध्या कागदावर फीचा आकडा लिहून दोघांच्या सह्या झाल्या, तर पुढचा निम्मा तमाशा टळतो. छापील वकीलपत्रात कोर्टातून रक्कम काढण्याचा आणि तडजोड करण्याचा अधिकार वकिलाला दिलेला असू शकतो. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या पोराकडून ते वाचून घ्या. रक्कम माझ्याच खात्यात जमा व्हावी, असे आपणही कोर्टाकडे मागू शकतो. मोटार अपघाताच्या भरपाईबाबत तर रक्कम थेट दावेदाराच्या बँक खात्यात वर्ग करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सांगितलेही आहे.

या सौद्यात मधला माणूस असतो तो दलाल. भूसंपादनाची नोटीस चावडीवर लागली की दोन दिवसांत तो गावात हजर. यादी त्याच्याकडे आधीच असते, ती कुठून आली हे विचारू नये. कोरी वकीलपत्रे घेऊन तो वस्ती-वस्तीवर फिरतो आणि सह्या गोळा करतो. ज्याच्यावर भरवसा ठेवायचा त्या वकिलाचे तोंडही कित्येकांनी पाहिलेले नसते. मुंबईत फौजदारी कोर्टाच्या दारात उभे राहून पक्षकारांच्या हातातले कागद हिसकावणाऱ्या वकिलांचे प्रकरण १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते, आणि काम मिळवण्याची ही तऱ्हा गैरवर्तनच आहे असे ठरले. त्या काळी वकील स्वतः दारात उभे राहत, आता माणूस पाठवतात, एवढाच बदल. अशा दलालांची यादी जाहीर करण्याचा अधिकार २०२३ च्या दुरुस्तीने अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ४५-अ मध्ये आणला आहे. उच्च न्यायालय आणि जिल्हा न्यायाधीशांबरोबर जिल्हाधिकाऱ्यांनाही तो आहे. यादीत नाव असताना दलाली केली तर ३ महिन्यांपर्यंत कैद, ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाचशे रुपयांत आज काय होते ते सोडा, पण यादीत नाव लागणे ही गोष्ट छोटी नाही. सरपंच, पोलीस पाटील आणि भाऊसाहेब (तलाठ्याचे पद आता ग्राम महसूल अधिकारी झाले, तरी गावाला तो भाऊसाहेबच) यांनी ग्रामपंचायत कचेरीत अशा माणसाला खुर्ची द्यायची की जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यायचा, हे ठरवायला हवे. कित्येकदा खुर्ची तर देतातच, वर चहाही सांगतात.

वकील बदलायचा म्हटले की दुसरी अडचण येते. जुना वकील म्हणतो, आधी राहिलेली फी द्या, मग फाईल. सातबारा, निवाड्याची प्रत, मोजणीचा नकाशा, सगळे त्याच्या कपाटात. फीसाठी अशिलाचे कागद अडवून धरण्याचा हक्क वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात ठरवले. कौन्सिलने त्या वकिलाला १८ महिने निलंबित केले होते, न्यायालयाने ते ताकिदीवर आणले, कारण तोवर हा मुद्दा पक्का झालेला नव्हता. आता झालेला आहे. फी राहिली असेल तर वकिलाने तिच्यासाठी वेगळी दाद मागावी, कागद मात्र द्यावेत.

या व्यवस्थेतले लंगडे पायही सांगितले पाहिजेत. वकिलांचा न्याय वकीलच करतात, समितीत बाहेरचा माणूस एकही नाही. कलम ३६-ब म्हणते की राज्य कौन्सिलने तक्रार आल्यापासून एका वर्षात प्रकरण संपवावे, नाहीतर ते बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाईल. ऐकायला हे बरे वाटते. प्रत्यक्षात आपल्या माणसाला मुंबईचे भाडे जड होते, त्याचे प्रकरण वर्षभर पडून राहिले म्हणून दिल्लीला जाते. दिरंगाई केली कौन्सिलने आणि लांबचा पल्ला पडला तक्रारदाराला! डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर कान टोचले. राज्य कौन्सिलांनी वर्षाच्या आत निकाल द्यावेत आणि वर्ग झालेली प्रकरणेही बार कौन्सिल ऑफ इंडियाने वर्षात संपवावीत, असे बजावले. तक्रारदाराला जिल्ह्याच्या ठिकाणी साक्ष देता आली तर निम्मा प्रश्न सुटेल. आमच्या मते वकील संघांनीच ही मागणी उचलायला हवी, कारण चार लबाडांमुळे चांगल्या वकिलांचे नाव जाते.

आणखी एक. सनद गेली म्हणून पैसा आपोआप परत येत नाही. कलम ३५ मध्ये शिक्षा आहे, वसुली नाही. रकमेसाठी दिवाणी दावा वेगळा. विश्वासघात झाला असेल तर पोलिसांत फिर्याद, ती आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली. ही तिन्ही कामे एकाच वेळी चालू शकतात. वकिलाविरुद्ध वकील मिळत नाही ही भीती असेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि ठरलेल्या मर्यादेखालचे उत्पन्न असणाऱ्यांना तिथे मोफत वकील मिळतो.

तक्रारीचा कागद साधाच असतो, पण भरीव हवा. सही आणि सत्यापन असलेला अर्ज, ठरलेले शुल्क, वकिलाचे नाव आणि सनद क्रमांक (वकीलपत्रावरच्या शिक्क्यात तो बहुधा सापडतो), केस नंबर, रकमा आणि तारखा. सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे कोर्टातून रक्कम कोणाला, कोणत्या तारखेला दिली त्या नोंदीची सही-शिक्क्याची नक्कल. नक्कल विभागात अर्ज केला की ती मिळते, लखीमपूरच्या वकिलालाही रक्कम काढल्याचे नाकारता आले नव्हते. केसची पुढची तारीख आणि झालेले हुकूम बघायला आता वकिलाच्या दारी जावे लागत नाही, १६ अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर मोबाईलमध्ये दिसतात. अर्ज एकदा गेला की मधल्या माणसांची रीघ लागते, मागे घे म्हणतात. घेतला तरी केवळ तडजोड झाली किंवा तक्रारदाराने अंग काढले म्हणून चौकशी बंद करता येत नाही, असा नियम आहे, हे त्यांना सांगावे. अर्ज टपालाने पाठवला तर पोचपावती जपून ठेवावी. वर्षाची मुदत अर्ज तिथे पोहोचल्या दिवसापासून मोजली जाते.